उणे तीसमधला संसार: थंडीपेक्षा ओल वाईट

कॅनडात विनिपेगला जायचं ठरलं की घरून पहिला सल्ला येतो तो जाड स्वेटरचा आणि दुसरा सुंठीच्या काढ्याचा. दोन्हींत वावगं काही नाही. पण विनिपेगच्या मॅनिटोबा प्रांतातल्या हिवाळ्यात कुटुंबाचे जे हाल होतात, त्यांतले निम्म्याहून जास्त थंडीमुळे होत नाहीत, पाण्यामुळे होतात. मोज्यात जिरलेला घाम, कुकरच्या शिट्टीतून सुटून खिडकीवर गोठलेली वाफ, फर्नेसच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राच्या, पाइपच्या तोंडाशी जमलेला हिमाचा बोळा, भिंतीतल्या नळात अडकलेलं पाणी. कोरड्या उणे तीसमध्ये नीट कपडे घातलेलं मूल अर्धा तास मजेत खेळतं. ओल्या हातमोज्यात तेच मूल उणे दहालाही पाच मिनिटांत रडायला लागतं.

विनिपेग जवळजवळ 50 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून लांब, सपाट माळावर आहे. वारा अडवायला डोंगर नाही. जानेवारीत पहाटेचं तापमान उणे 20 च्या आसपास ही नेहमीची गोष्ट, आणि हिवाळ्यात काही दिवस तरी उणे 30 किंवा त्याखाली जातंच. डिसेंबरच्या शेवटी सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. म्हणजे मुलं अंधारात शाळेत जातात आणि घरी येऊन दूध पिईपर्यंत पुन्हा अंधार.

हवामानाच्या बातमीत दोन आकडे येतात: तापमान आणि विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी. उणे 25 तापमान आणि ताशी 20 किलोमीटर वारा असला तर विंडचिल उणे 37 होतो; उणे 30 आणि 30 किलोमीटर वारा असला तर उणे 46. हा दुसरा आकडा उघड्या कातडीसाठी आहे. विंडचिल उणे 28 ते उणे 39 असताना उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, उणे 40 ते उणे 47 मध्ये 5 ते 10 मिनिटांत, उणे 48 च्या खाली 2 ते 5 मिनिटांत. गाडीला आणि नळाला मात्र विंडचिल लागत नाही. वाऱ्यामुळे त्या लवकर थंड होतात, पण हवेच्या तापमानाखाली जात नाहीत. म्हणून मुलांचे कपडे विंडचिल बघून ठरवायचे आणि गाडी प्लगला लावायची की नाही ते साधं तापमान बघून.

कपड्यांत सगळ्यात आधी सोडायची ती सुताची माया. आपल्याकडे सुती बनियन, सुती मोजे म्हणजे आरोग्यदायी. इथे सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. मूल थांबलं की तोच घाम बर्फासारखा अंगाला चिकटतो. अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरच्या थर्मलचा हवा, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट आणि स्नोपँट. पायात एकच जाड लोकरी मोजा. दोन मोजे घालून बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतात, ही चूक दर नव्या घरात एकदा होतेच. बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा, आतलं फेल्टचं अस्तर सुटं निघणारं असावं. मुलांसाठी बोटांच्या ग्लव्हजपेक्षा एकत्र बोटांचे मिट्स गरम, आणि मनगटावर लांब चढणारे असले तर उत्तम. मफलर टाळावा, तो घसरगुंडीत अडकू शकतो. त्याऐवजी गळ्यातून चढवायचा नेक वॉर्मर. डोक्याला टूक, म्हणजे इथली कानटोपी. कान झाकले जात नसतील तर ती टोपी शोभेची.

चढवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो पाठ असला की सकाळची दहा मिनिटं वाचतात. आधी शू. हे विसरलात तर पुढचं सगळं उलट्या क्रमाने काढावं लागतं. मग स्नोपँट, मग बूट, आणि स्नोपँटची आतली बाही बुटावरून खाली ओढायची, नाहीतर बर्फ थेट बुटात. मग नेक वॉर्मर, टूक, जॅकेट, आणि सगळ्यात शेवटी मिट्स. मिट्स आधी घातल्या की मुलाला चेनही धरता येत नाही. जॅकेटची बाही मिटच्या आत की बाहेर यावर घराघरांत मतभेद आहेत. लांब मनगटाची मिट असेल तर ती बाहीवरून चढवावी, आखूड असेल तर बाही वर. हे सगळं दाराशीच करायचं. घरातल्या 21 अंशांत पूर्ण सजून पाच मिनिटं थांबलेलं मूल घामेजून बाहेर पडतं, आणि मग पुन्हा तीच ओल.

शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर काढतात, हे बऱ्याच आई-बाबांना ऐकून धक्का बसतो. विंडचिल साधारण उणे 27-28 च्या खाली गेला की शाळा मुलांना आत ठेवतात, तोवर बाहेर. त्यामुळे स्नोपँट रोज लागते, 'आज गाडीनेच सोडणार आहे' या दिवशीही. मिट्सच्या किमान तीन जोड्या लागतात: एक हातात, एक दप्तरात, एक वाळत. प्रत्येक गोष्टीवर नाव. एका वर्गात वीस काळ्या स्नोपँट एका रांगेत टांगलेल्या असतात.

संध्याकाळी घरी आल्यावर बुटाचं अस्तर रोज बाहेर काढायचं. दिसायला कोरडं असलं तरी काढायचं. दिवसभराचा घाम त्यात असतो आणि बुटात ठेवलं तर सकाळपर्यंत जात नाही. फर्नेसच्या गरम हवेच्या जाळीजवळ उभं करून ठेवलं की रात्रभरात खडखडीत वाळतं. हीटरवर थेट टाकू नये, फेल्ट आकसतं आणि मग बुटात गोळा होतो. दाराशी कड असलेला प्लास्टिकचा मोठा ट्रे हवा. बुटांना चिकटलेल्या बर्फाचं पाणी होतं, त्यात रस्त्यावरची वाळू आणि मीठ असतं, आणि ते लाकडी फरशीवर पांढरे डाग सोडतं. डाग पडलाच तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसला की जातो.

गाल, नाकाचा शेंडा, कानाची पाळी पांढरट, मेणासारखी दिसू लागली आणि तिथे लागेनासं झालं की कातडी गोठायला लागली आहे. चोळायचं नाही. बर्फ चोळायचा तर मुळीच नाही, तो जुना आणि वाईट समज आहे. आत आणून बोटं काखेत धरावीत किंवा 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवावीत. पाणी आपल्या कोपराला लावून बघावं, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. रंग आणि संवेदना परत आली नाही, फोड आले, किंवा मूल सुस्तावून बोबडं बोलू लागलं तर थेट इमर्जन्सीत. आणि लोखंडी कठड्याला जीभ लावण्याची पैज प्रत्येक इयत्तेत कोणीतरी घेतंच. चिकटलेली जीभ ओढू नये, कोमट पाणी ओतावं, सुटते.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत आपली घाई उलट दिशेची असते. टोपडं, झबलं, स्वेटर, दुपटं, वर गोधडी. घरात फर्नेस चालू असते, खोली 20-21 अंशांवर असते, आणि बाळ आत उकडून निघतं. झोपताना बाळाला टोपी नको आणि पहिल्या वर्षात पाळण्यात सुटी गोधडी, उशी काहीच नको. स्लीप सॅक म्हणजे पायांकडून बंद असलेली झोपायची पिशवी पुरते. मानेमागे हात घालून बघावा: घाम असेल तर एक थर कमी. तेलाने मालिश करायला हरकत नाही, पण खोली गरम करून आणि मग लगेच पुसून. बाहेर जाताना बाळ आईच्या किंवा बाबांच्या कोटाच्या आत, छातीशी बांधलेल्या कॅरिअरमध्ये सगळ्यात उबदार राहतं, फक्त नाक-तोंड झाकलं जात नाही ना ते बघायचं.

गाडीच्या सीटबद्दल इथले नियम आणि आपली माया यांची टक्कर होते. फुगीर जॅकेट घालून मुलाला पट्टे लावले की पट्टे घट्ट वाटतात, पण अपघातात जॅकेट दबतं आणि पट्टा तेवढाच सैल निघतो. म्हणून जॅकेट काढायचं, पातळ फ्लीसवर पट्टे आवळायचे, खांद्याच्या हाडापाशी पट्टा उभा चिमटीत धरायला गेल्यास चिमटीत येता कामा नये, आणि मग जॅकेट उलटं करून, बाह्या पुढून घालून, वरून पांघरायचं. उणे 25 ला हे करणं जिवावर येतं. गाडी आधी गरम झालेली असली तरच जमतं.

गाडी गरम करायची म्हणजे आधी प्लग करायची. इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक विजेची पिन लोंबत असते. भारतातून नवीन आलेले लोक हमखास विचारतात की सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत का. तो ब्लॉक हीटर: इंजिनातलं कूलंट कोमट ठेवणारी, साधारण 400 वॉट किंवा त्याहून मोठी कॉइल. तापमान उणे 15-20 च्या खाली जाणार असेल तर लावायचा. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही, निघायच्या आधी तीन-चार तास पुरतात. बाहेर वापरायचा दणकट टायमर लावला की हीटरचा वीजखर्च निम्म्याहून कमी होतो. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेरच्या वापराची, तीन पिनांची आणि जाड तारेची हवी. घरातली पातळ कॉर्ड तापते, आणि तिचं आवरण थंडीत कडक होऊन तडकतं. अपार्टमेंटच्या पार्किंगमधले प्लग बऱ्याच ठिकाणी थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद अशा पाळीने चालतात, त्यामुळे पिन लावताक्षणी काही झालं नाही म्हणून प्लग बिघडलाय असं समजू नये. निघताना कॉर्ड काढायला विसरण्याचा एकच उपाय: तिचा फेरा बाजूच्या आरशावरून घ्यावा.

बॅटरी थंडीत अर्धीअधिक मलूल होते, आणि तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन ऑइल तिच्याकडून जास्त ताकद मागतं. चार-पाच वर्षं जुनी बॅटरी ऑक्टोबरात तपासून घ्यावी, जानेवारीत सगळे तिथेच रांगेत असतात. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल तर 0डब्ल्यू श्रेणीचं. काच धुण्याचं निळं पाणी उणे 40 चं लिहिलेलं घ्यावं. उन्हाळ्यातलं उरलेलं टाकीत राहिलं तर ते गोठून नळी फोडतं. पेट्रोल निम्म्याखाली येऊ देऊ नये. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. साधं रबर 7 अंशांखालीच कडक व्हायला लागतं. उणे 30 च्या सकाळी पहिली दोन मिनिटं गाडी ठक-ठक उड्या मारत चालते, कारण टायरची जमिनीला टेकलेली बाजू रात्रभरात चपटी झालेली असते. घाबरू नये, फिरून गरम झाली की गोल होते. घराला जोडलेल्या गॅरेजात दार उघडं ठेवूनसुद्धा गाडी चालू ठेवायची नाही, कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. आणि धूर सोडणारा पाइप बर्फात रुतलेला नाही ना, हे बघूनच गाडी सुरू करायची.

डिकीत फावडं, जंपर केबल, एक गोधडी, टूक-मिट्सचा जुना जोड, थोडी वाळू, सुका मेवा. शहराबाहेर हमरस्त्यावर गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघू नये. इंजिन तासातून दहाएक मिनिटं चालवावं, पाइप मोकळा करून आणि खिडकी बोटभर उघडून.

आता घर. उणे 30 च्या हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅमही बाष्प मावत नाही. 21 अंशांच्या हवेत 18 ग्रॅम मावतं. बाहेरची हवा आत येऊन तापली की ती वाळवंटाहून कोरडी होते. ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. साहजिकच माणूस ह्युमिडिफायर आणतो आणि आकडा 45 वर ठेवतो. तिसऱ्या दिवशी खिडक्यांच्या काचांवर पाणी, चौथ्या दिवशी काचेच्या खालच्या कडेला बोटभर बर्फ, आणि महिन्याभरात चौकटीत काळी बुरशी. घरात किती ओल असावी हे बाहेरच्या तापमानावर ठरतं: बाहेर उणे 10 असेल तर 30-35 टक्के, उणे 20 ला 25, उणे 30 ला 15 ते 20. याहून जास्त ठेवली की ती घराच्या सगळ्यात गार जागी जाऊन बसते. दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रतामापक घेऊन हॉलमध्ये ठेवावं, हीटरपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब. नाकासाठी सलाइनचे थेंब, ओठांना आणि कातडीला आंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असतानाच, पेट्रोलियम जेली किंवा तूप. खोबरेल तेल बाटलीत कायम दगड असतं, रुंद तोंडाच्या बरणीत ओतून ठेवा.

आणि इथे आपला स्वयंपाक मध्ये येतो. शेजारचं कॅनेडियन घर ओव्हनमध्ये काहीतरी भाजतं. आपल्याकडे सकाळी चहा उकळतो, कुकरच्या चार शिट्ट्या होतात, पातेल्यात आमटी रटरटते, भात वाफेवर बसतो. वर अंघोळीचं गरम पाणी आणि स्टँडवर वाळत घातलेले कपडे. एका मशीनभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. म्हणून मराठी घराच्या खिडक्या शेजाऱ्यापेक्षा जास्त गळतात आणि घरमालक भाडेकरूकडे संशयाने बघतो. उपाय साधे आहेत. शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर फेकतो की फिल्टरमधून गाळून परत खोलीतच सोडतो, हे आधी बघा. अनेक अपार्टमेंटांत दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि तो फोडणीचा वास थोडा कमी करतो, वाफ अजिबात नाही. तसं असेल तर स्वयंपाक करताना बाथरूमचा पंखा चालू ठेवावा. तो बहुधा हवा बाहेरच टाकतो. पातेल्यांवर झाकण. आंघोळीनंतर पंखा वीस-तीस मिनिटं. बाहेर उणे 10 असताना कपडे घरात स्टँडवर वाळवा, घराला ती ओल हवीच असते; उणे 30 ला ड्रायरमध्ये. रात्री पडदे तळापर्यंत घट्ट ओढू नयेत, खाली वीतभर फट ठेवावी. पडद्यामागची काच घराच्या उबेपासून तुटली की तिच्यावर अजून बर्फ धरतो. बेसबोर्ड हीटर किंवा गरम हवेची जाळी सोफ्याने झाकणं हीच चूक दुसऱ्या रूपात. फोडणीवरून आठवलं: दाराजवळचं कोटांचं कपाट स्वयंपाक करताना बंद असू द्या. हिंग-मोहरीचा वास डाऊन जॅकेटात शिरला की एप्रिलपर्यंत ऑफिसात सोबत करतो.

ही ओल डोळ्यांना दिसत नाही तिथेही जाते. माळ्याच्या झडपेच्या फटीतून, दिव्यांच्या भोकांतून गरम दमट हवा छतावरच्या पोकळीत चढते आणि तिथे छपराच्या फळ्यांना आतून हिमाचा थर धरते. सगळा जानेवारी काही कळत नाही. मग मार्चात एक दिवस तापमान शून्याच्या वर जातं आणि छतातून टपटप सुरू होते. लोक छप्पर गळतंय म्हणून कारागीर बोलावतात, पण पाऊस तर पडलेलाच नसतो. ते घरातलंच, तुमच्या कुकरचं पाणी असतं. झडपेला भोवती फोमची पट्टी चिकटवणं हे पाच डॉलरचं काम आहे.

नव्या घरांत एचआरव्ही नावाचं यंत्र असतं. ते आतली शिळी दमट हवा बाहेर टाकतं आणि तिच्या उबेवर ताजी हवा तापवून आत घेतं. आवाज होतो म्हणून बंद करणारे बरेच. बंद करू नये. त्याची जाळी दोन-तीन महिन्यांनी धुवावी, आणि बाहेरच्या भिंतीवरचं हवा घेण्याचं तोंड हिमाने बुजतं ते ब्रशने मोकळं करावं.

फर्नेसचंही तसंच. आजच्या गॅस फर्नेसचा धूर चिमणीतून जात नाही, बाजूच्या भिंतीतून निघालेल्या दोन पांढऱ्या प्लास्टिक पाइपांतून जातो: एक हवा आत घेतो, एक धूर सोडतो. धुरात भरपूर वाफ असते, ती तोंडाशी गोठून लोंबते. वारा फिरला किंवा हिमाचा ढीग चढला की पाइप बुजतो, दाबाचा स्विच फर्नेस बंद करतो, आणि नेमकं पहाटे तीनला घर गार व्हायला लागतं. म्हणून फर्नेस थांबली की मेकॅनिकला फोन करण्याआधी तीन गोष्टी: बाहेर जाऊन पाइप मोकळे आहेत का, आतला फिल्टर धुळीने बुजलाय का, आणि फर्नेसचा स्विच चुकून कोणी बंद केलाय का, तो बहुतेक बेसमेंटच्या जिन्याशी, दिव्याच्या बटणासारखाच दिसतो. फिल्टर हिवाळ्यात दर महिन्याला काढून दिव्यासमोर धरावा. उजेड आरपार दिसला नाही तर बदलावा. गॅसच्या मीटरवरचं बर्फ हाताने किंवा मऊ ब्रशने काढायचं, फावड्याने नाही. झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. वीज गेली तर गॅस फर्नेसही बंद पडते, कारण तिचा पंखा विजेवर चालतो. अशा वेळी सगळ्यांनी एका छोट्या खोलीत, दारं बंद करून बसावं. बार्बेक्यू किंवा कोळशाची शेगडी घरात पेटवणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण.

कडाक्याच्या रात्री घर अचानक 'फाट्!' असा गोळी झाडल्यासारखा आवाज करतं. छपराची लाकडं आकसतात, दुसरं काही नाही. मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नळांमध्ये धोक्याचा असतो तो बाहेरच्या भिंतीला लागून असलेला. स्वयंपाकघराचं सिंक बहुतेक खिडकीखालीच असतं. उणे 30 च्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे घरातली ऊब पाइपापर्यंत पोचते, आणि नळ बारीक सलग धारेने चालू ठेवा. अंगणातल्या नळाचा आतला व्हॉल्व्ह ऑक्टोबरात बंद करून बाहेरचा नळ उघडून पाणी सांडून टाकायचं, होजपाइप सोडवायचा. पाइप गोठलाच तर आधी नळ उघडा, मग हेअर ड्रायरने नळाच्या बाजूकडून मागे मागे तापवत जा. मधूनच तापवलं तर वितळलेलं पाणी दोन बर्फांत अडकून पाइप फोडतं. ज्योत नको. आणि घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं.

पायऱ्यांवर मीठ टाकणं साधारण उणे 12-15 पर्यंतच कामाचं. त्याखाली साधं मीठ बर्फ वितळवत नाही, वाळू टाकावी. भारतातून आई-बाबा येणार असतील तर त्यांच्या बुटांना खालून चढवायचे खिळे असलेले रबरी पट्टे घेऊन ठेवावेत. उतारवयात इथे माणसं थंडीने नव्हे, घसरून जायबंदी होतात. साडीखाली लोकरी थर्मल आणि पायघोळ बूट हे अगदी चालतं. आईला फक्त इतकंच सांगायचं की ओले केस घेऊन अंगणात डोकावायचं नाही. सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, राहायला येणाऱ्यांसाठी मे ते ऑक्टोबर हा काळ सोयीचा, पण नातवंडांच्या सोयीसाठी ते नेमके हिवाळ्यातच येतात. त्यांना दिवसातून एकदा तरी बाहेर न्यावं, मॉलमध्ये चालायला किंवा डाउनटाउनच्या इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त पुलांवर. चार भिंतींत चार महिने बसून माणूस मनाने आजारी पडतो.

ऊन असलं तरी हिवाळ्यात या अक्षांशावर त्यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. आईच्या दुधावरच्या बाळाला रोज 400 आययूचे थेंब इथे सर्रास सांगितले जातात. एक ते सत्तर वयापर्यंत रोजची गरज 600 आययू धरतात, त्यापुढे 800. इथल्या दुधात ते घातलेलं असतं. दही मात्र विकतचं असेल तर डबा वाचावा, सगळ्यात नसतं.

दह्याचा विषय निघालाच तर: 20 अंशांच्या ओट्यावर विरजण रात्रभरात लागत नाही. दूध 45 अंशांच्या आसपास, म्हणजे बोट दहा सेकंद सहन करेल इतपत कोमट असताना विरजावं, आणि बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा चालू ठेवून सात-आठ तास ठेवावं. जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब असेल तरच हे चालतं; एलईडी असेल तर दही तुमच्याकडे बघत राहील. मग इन्स्टंट पॉट या विजेच्या कुकरचं योगर्ट बटण. इडलीच्या पिठाला 30 अंशांच्या आसपास बारा ते अठरा तास लागतात. डाळ-तांदळात चमचाभर मेथी आणि मूठभर पोहे, आणि मीठ आयोडीन नसलेलं वापरलं तर बऱ्याच जणांच्या मते पीठ लवकर फुगतं. ओव्हनच्या दारावर 'आत पीठ आहे' अशी चिठ्ठी लावा. कोणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवतंच.

संक्रांत इथे ऐन कडाक्यात येते. कोरड्या हवेत तिळाचा पाक पटकन खुटखुटीत होतो, लाडू वळायला हात चपळ लागतात. गुळाची पोळी मात्र चार दिवस कडक राहते, पुण्यापेक्षा छान. हळदीकुंकवाला पंधरा बायका काठापदराच्या साड्या, वर गुडघ्यापर्यंत जॅकेट आणि पायात स्नोबूट अशा येतात, चपला पिशवीत. यजमानांनी करायच्या गोष्टी: दाराशी दोन ट्रे आणि एक जुनी चादर, कोट टाकायला एक पलंग रिकामा, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी बाहेर एखादी कॉर्ड, आणि बसायची वेळ अडीच तासांहून लांबली तर गाड्या एकदा सुरू करून यायची आठवण. बोरन्हाणाला बोरं नसतात. चुरमुरे, हलवा, छोटी चॉकलेटं आणि पॉपकॉर्न यांवर भागतं. तान्ह्याच्या अंगावर गोल कडक गोळ्या टाकू नयेत, घशात अडकतात.

शनिवार-रविवारी घराबाहेर पडायला द फोर्क्स आहे. तिथे रेड आणि असिनिबॉइन नद्यांचा संगम आहे आणि नदी पुरेशी गोठली की तिच्यावर स्केटिंगची वाट आखतात. वाट उघडल्याची घोषणा झाल्याशिवाय नदीवर उतरू नये. फेब्रुवारीत सेंट बॉनिफेसमध्ये फेस्टिव्हल द्यू व्हॉयाजर भरतो. तिथे मेपलचा गरम पाक बर्फावर ओतून काडीवर गुंडाळून देतात. मुलांना ते चिक्कीच्या पाकासारखंच लागतं.

मार्च आला, ऊन उबदार झालं, म्हणून नळाची धार बंद करू नये. जमिनीतला गोठलेला थर वरून वितळत असताना खाली अजून उतरतच असतो, आणि रस्त्याखालचे घरापर्यंतचे पाइप बहुतेक तेव्हाच गोठतात. 2014 मध्ये विनिपेगात दोन हजारांहून जास्त घरांचं पाणी असंच गेलं होतं. गार नळाच्या पाण्यात थर्मामीटर धरून बघावा, आकडा शून्याच्या जवळ सरकत असेल तर शहराच्या पाणी विभागाला 311 वर कळवावं. एप्रिलात सम्प पंपावर, म्हणजे बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपावर, बादलीभर पाणी ओतून तो उचलतो का ते बघावं. बुटांची अस्तरं धुऊन वाळवून ठेवावीत. आणि मुलांच्या पुढच्या वर्षीच्या मापाच्या स्नोपँट मार्चच्या सेलमध्येच घ्याव्यात. नोव्हेंबरात दुकानात फक्त गुलाबी आणि अठरा महिन्यांच्या उरतात.